स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मेंदूबद्दल नव्याने कुतूहल वाटू लागलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: दुसऱ्याने केल्या तर गुदगुल्या होतात, मग आपल्याच हाताने का होत नाहीत? प्रश्न पोरकट वाटतो खरा, पण त्याचं वय दोन हजार वर्षांहून जास्त आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला, प्रत्यक्षात त्याच्या शिष्यपरंपरेने वाढवत नेलेला 'प्रॉब्लेमाटा' हा ग्रंथ म्हणजे असल्याच प्रश्नांचा ढीग. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला का येते, हा प्रश्नही तिथे आहे. गुदगुल्यांबद्दलचं उत्तर त्यात प्रश्नाच्याच रूपात येतं: दुसरा माणूस करणार हे आधी कळलं तरी गुदगुल्या कमी होतात, म्हणून तर नसेल?

आज जे उत्तर मान्य आहे, त्याचं बी या एका ओळीत आहे. पण ते पडून राहिलं, कारण अ‍ॅरिस्टॉटलनेच दुसरीकडे लिहून ठेवलं होतं की गुदगुल्या फक्त माणसालाच होतात, त्याची कातडी पातळ असते आणि हसणारा प्राणीही तोच एकटा. कातडीचं हे खूळ मग फार काळ टिकलं. 1627 मध्ये, इंग्लिश विचारवंत फ्रान्सिस बेकनच्या मृत्यूनंतर वर्षभराने, त्याचं निसर्गनिरीक्षणांचं पुस्तक निघालं. त्यातही पातळ कातडी आहेच, पण जोडीला एक बारकावा आहे: तळपायाला गुदगुल्या होतात आणि तळहाताला फारशा होत नाहीत, कारण तळहाताला स्पर्शाची सवय असते. निरीक्षण चांगलं आहे. अडचण एवढीच की स्वतःचं बोट तळपायावर फिरवलं तर काय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

डार्विनने 1872 मध्ये भावनांच्या आविष्कारावर लिहिताना धागा पुन्हा अपेक्षेपाशी आणला. मुलाला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याअर्थी स्पर्श नेमका कुठे होणार हे आधी माहीत नसणं गरजेचं असावं, असं त्याचं म्हणणं. शिवाय मन प्रसन्न हवं. अनोळखी माणसाने गुदगुल्या केल्या तर लहान मूल हसणार नाही, घाबरून रडेल.

पण 'आधी माहीत असणं' म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं? हे कळलं ते डोळ्यांच्या अभ्यासातून. एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्याच्या पापणीवर बाजूने हलकंच बोट दाबा. समोरचं दृश्य सरकल्यासारखं दिसतं. तोच डोळा नेहमीसारखा फिरवला तर मात्र सगळं जागच्या जागी राहतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात या फरकावर बराच विचार केला. 1950 मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या संशोधकांनी त्याला नेमकं रूप दिलं: स्नायूंना हुकूम जातो तेव्हा त्याची एक नक्कल मेंदू स्वतःकडे ठेवतो आणि पुढे येणाऱ्या संवेदनेतून अपेक्षित भाग वजा करतो. त्यांनी एका माशीचं डोकं उलटं फिरवून चिकटवलं, तर ती हालचाल करताच गोल गोल फिरू लागली. डोळे उलटे झाल्याने संवेदना अपेक्षेच्या उलट येत होती, म्हणजे वजाबाकीची बेरीज झाली होती.

गुदगुल्यांवर मात्र धड प्रयोग व्हायला 1971 उजाडलं. मानसशास्त्रज्ञ वाइसक्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी तळपायावर टोक फिरवणारं एक यंत्र बनवलं. दुसऱ्याने दांडा हलवला की गुदगुल्या सर्वांत जास्त, स्वतः हलवला की सर्वांत कमी. स्वतःचा हात दांड्यावर नुसता ठेवून दुसऱ्याने तो हलवला, तर मधल्या. मला हा तिसरा प्रकार सगळ्यांत हुशारीचा वाटतो, कारण हाताला हालचाल जाणवणं वेगळं आणि हालचालीचा हुकूम देणं वेगळं, हे त्याने दाखवलं.

पुढे 1998 मध्ये लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वॉलपर्ट आणि क्रिस फ्रिथ यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं, तर तोच स्पर्श स्वतः केला असता स्पर्शाची जाणीव घेणारा भाग कमी सक्रिय होत होता, आणि अंदाज बांधण्याचं काम छोट्या मेंदूकडे (डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेला, हालचालींचा मेळ घालणारा भाग) असल्याच्या खुणा दिसत होत्या. मग त्यांनी मध्ये रोबॉट आणला: माणूस एक हात हलवणार आणि रोबॉट तीच हालचाल त्याच्या दुसऱ्या तळहातावर उमटवणार, पण थोड्या उशिराने. उशीर सेकंदाच्या दोन-तीन दशांशांपर्यंत वाढवत नेला, तशा आपल्याच हाताच्या गुदगुल्याही वाढल्या. ज्यांना आवाज ऐकू येण्याचे भास होतात, अशा काही रुग्णांना स्वतःचा आणि परका स्पर्श जवळपास सारखाच तीव्र वाटतो, हेही याच गटाने 2000 मध्ये नोंदवलं. पोरकट प्रश्न इथे मानसोपचाराच्या दारात पोचला.

2003 मधल्या एका प्रयोगात दोघांना एकमेकांच्या बोटावर आळीपाळीने, आपल्याला जाणवला तेवढाच दाब द्यायला सांगितलं. जोर दर फेरीला चढत गेला, कारण स्वतः दिलेला दाब मेंदू वजा करून मोजतो. 'त्यानेच जोरात मारलं' म्हणून भांडणारी दोन्ही मुलं म्हणजे खरं बोलत असू शकतात.

फक्त माणसालाच गुदगुल्या होतात, हे तर केव्हाच मागे पडलंय. उंदीर गुदगुल्या केल्यावर आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात चिवचिवतात. 2016 मध्ये बर्लिनच्या इशियामा आणि ब्रेख्ट यांनी त्यांना उंच, उघड्या चौथऱ्यावर ठेवलं, तेव्हा भेदरलेल्या उंदरांची चिवचिव आणि मेंदूतला प्रतिसाद दोन्ही मंदावले. डार्विनची प्रसन्न मनाची अट त्यांनाही लागू पडली. हसू मुळात येतं कशाला, यावर मात्र अजून एकमत नाही. काही जण त्याला लुटुपुटीच्या झटापटीचं शिक्षण म्हणतात, काही जवळीक बांधणारी खूण.