ट्रेकची वाट म्हणजे सायकलची वाट नव्हे

पाऊस ओसरला की दर ऑक्टोबरात आमच्या ठाणे-मुलुंडकडच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. कोणीतरी एखाद्या ट्रेकची जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर नोंदवलेली वाट, टाकतं, खाली लिहितं "भारी एमटीबी ट्रेल आहे, रविवारी जाऊया" (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरातली सायकल), आणि पंधरा जण तयार होतात. संध्याकाळी फोटो येतात ते खांद्यावर घेतलेल्या सायकलींचे. पाच तासांत चार किलोमीटर, त्यातले तीन सायकल उचलून. त्या पंधरातले निम्मे पुन्हा कधी जंगलात सायकल घेऊन येत नाहीत. "आपल्या सह्याद्रीत एमटीबी होतच नाही" असं मग तेच लोक सांगत फिरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपले डोंगर सायकलसाठी उत्तम आहेत, फक्त यांनी निवडलेली वाट चाकाची नव्हती.

ट्रेकची वाट कशी असते हे मुंबईकराला सांगायला नको. कर्जतची पहाटेची लोकल, पायथ्याची वाडी, मग धार, नाळ, खिंड, माथा. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, बसून उतरण्याचा अनुभवही सगळ्यांच्या गाठीशी असतो. तेव्हा तो भाग सोडतो.

किरकोळ फरकही पटकन उरकतो. एमटीबीचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतं; माणूस कारवीच्या दाट झुडपांतून खांदा तिरका करून निघतो, हँडल अडकतं. माणूस जागच्या जागी वळतो, सायकलला वळायला दोन-तीन मीटर मोकळी जागा लागते. सायकल वेगात असते, म्हणून समोरून येणारा लांबून दिसावा लागतो. हे सगळं खरं आहे, पण यामुळे कोणाचा दिवस वाया जात नाही.

दिवस वाया जातो तो वाट उताराला कशी भिडते यामुळे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

डोंगराच्या उतारावर एक घागर पाणी ओता. ते ज्या रेषेने सरळ खाली धावेल, ती त्या उताराची सगळ्यात तीव्र रेषा. चालणारा माणूस नकळत याच रेषेच्या जवळपास वाट पाडतो, कारण त्याला अंतर वाचवायचं असतं. त्याला ते जमतं, कारण पाय उचलून ठेवता येतो. गुडघाभर उंच दगडावर एक पाय ठेवला, हाताने मूळ धरलं, वर गेलो. चाकाला उचलून ठेवणं नाही. त्याला जमिनीला चिकटून सतत फिरत राहावं लागतं. सुट्या मुरमावर शंभर मीटरला पंधरा-वीस मीटर असा चढ आला की उभं राहून पेडल मारलं तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, आणि बसून मारलं तर पुढचं उचलायला लागतं. उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक लॉक होतं आणि सायकल थांबण्याऐवजी घसरत जाते. सराव कितीही असला तरी मातीची पकड तेवढीच राहते.

म्हणून चाकाची वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते. थोडी थोडी चढत, घड्या घेत, अंतर दुप्पट-तिप्पट करत.

नेरळ-माथेरानची गाडी आठवा. १९०७ साली आदमजी पीरभॉय घराण्याने ती सुरू केली. चढायचे साडेसातशे मीटर, त्यासाठी रूळ टाकले सुमारे वीस किलोमीटर, आणि कुठेही वीस मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ दिला नाही. त्याच माथेरानला चौक गावाच्या बाजूने वन ट्री हिलची ट्रेकची वाट जाते, ती सोंडेवरून जवळपास सरळ वर. डोंगर एक, माथा एक. एक वाट पायाने आखली, दुसरी चाकाने. सायकलला रेल्वेइतका सौम्य चढ लागत नाही. जगभर ट्रेल बांधणारे सरासरी दहा टक्के, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर, एवढा चढ धरून चालतात. मध्ये एखादा छोटा टप्पा तीव्र असला तर चालतो.

यातला दुसरा भाग बहुतेकांच्या डोक्यात शिरत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. वाट आडवी असणं जेवढं चाकासाठी, तेवढंच पाण्यासाठी असतं. मुंबई परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सरळ उतरणारी वाट जूनमध्ये ओढा होते. पाण्याला आयता मार्ग मिळतो, ते वाटेतली माती धुऊन नेतं, खाली सुटे धोंडे उरतात. ट्रेकर मग शेजारून नवी वाट पाडतो, पुढच्या पावसाळ्यात तिचाही ओढा होतो. एकाच सोंडेवर शेजारी शेजारी चार घळी दिसतात त्या अशा तयार होतात.

यासाठी अर्ध्याचा नियम आहे. वाटेचा चढ तिच्या बाजूच्या डोंगरउताराच्या अर्ध्यापेक्षा कमी असावा. डोंगर चाळीस टक्के उतरत असेल तर वाट वीस टक्क्यांच्या आत. तेवढं पाळलं तर वरून आलेलं पाणी वाट ओलांडून पलीकडे खाली जातं. अर्ध्याच्या वर गेलात की पाणी वाटेलाच आपला रस्ता करतं. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची. किंचित म्हणजे तीन फूट रुंदीला दोन-तीन बोटं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. आणि चढ सलग ठेवायचा नाही. दर काही अंतराने वाट चार पावलं उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे त्या खोलगटीत पाणी बाहेर पडतं. सायकलवाल्याला जी लय आवडते, ते खाली-वर झुलणं, ते याच खोलगटींमुळे येतं.

याच नियमातून नदीखोऱ्यातली मोठी चूकही कळते. उल्हास नदीच्या काठाने सपाट पायवाट दिसली की लोकांना वाटतं, चढ नाही, म्हणजे सोपा ट्रेल. पण सपाट जमिनीवर पाण्याला जायला जागाच नसते. ते साचतं, चिखल होतो, चिखल टाळायला प्रत्येकजण कडेने जातो आणि दोन फुटांची वाट दहा फुटांचा राडा होते. खोऱ्यात सायकल चालवायची तर तळ सोडून बाजूच्या उतारावर थोडं वर सरका. ओढा ओलांडताना वाट ओढ्यापर्यंत उतरून पलीकडे लगेच चढायला हवी, नाहीतर पूर आलेला ओढा वळून वाटेनेच चालू लागतो. उत्तर वेल्समध्ये कोएड-इ-ब्रेनिन नावाचं जंगल आहे, डोंगर आणि नद्यांच्या खोऱ्यांचं. तिथे पाऊस वर्षभर असतो, तरी १९९० च्या दशकापासून खास सायकलसाठी बांधलेले ट्रेल आहेत, आणि नाजूक जागी दगड बसवून ते पक्के केले आहेत. पाऊस आहे म्हणून ट्रेल होत नाही, हे कारण मला पटत नाही ते यामुळे.

आपल्याकडे तर निसर्गानेच निम्मं काम करून ठेवलंय. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून त्याला पायऱ्या आहेत. दोन कड्यांच्या मधल्या रानाच्या सपाटीला आपण पदर म्हणतो, आणि पदरातली आडवी वाट बऱ्याचदा चाकाला जशी हवी तशीच असते. लादलेल्या बैलांसाठी पडलेल्या जुन्या वाटाही जिथे दगडी पायऱ्या नाहीत तिथे चांगल्या निघतात, कारण ओझ्याचा बैलही सरळ चढत नाही. नकाशा बघताना उंचीच्या रेषा बघा. वाट त्यांना काटकोनात छेदत असेल तर ती पायाची. रेषांना जवळपास समांतर, हळूहळू कापत जात असेल तर सायकल काढा.

सगळ्यात चांगलं उदाहरण राजमाचीचं. लोणावळ्याकडून राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीला जाणारा कच्चा रस्ता पंधरा-सोळा किलोमीटर, दरीच्या कडेने, जंगलातून, छोट्या चढ-उतारांचा. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट कोंढाणे लेण्यांवरून थेट चढते. दोन्हीकडून लोक एकाच गावात पोहोचतात, म्हणून कोणाला तरी कल्पना सुचते: लोणावळ्याहून सायकलने जायचं आणि कोंदिवड्यात उतरून लोकलने घरी.

मी हे केलंय, नऊ-दहा वर्षांपूर्वी. उधेवाडीपर्यंतची सकाळ आयुष्यातल्या सुंदर सकाळींपैकी होती. उतरताना पहिल्याच घसाऱ्यावर मागचं चाक लॉक झालं. मी सायकल आडवी टाकून मागे पाहिलं, तर मुरमात बोटभर खोल सरळ चर पडला होता, आठ-दहा फूट लांब, दोऱ्याने आखल्यासारखा. बरोबरच्या सहाही जणांचे चर त्याच्यात मिसळत गेले. पुढच्या जुलैत त्याच वाटेने चालत चढलो तेव्हा त्या टप्प्यावर पिंडरीभर खोल घळ होती आणि तिच्यातून लाल पाणी धावत होतं. ती आमच्याच चाकांनी झाली असं मी म्हणत नाही. पण बुटाचा ठसा पाण्याला अडवतो, घसरलेल्या चाकाचा चर त्याला वाट दाखवतो, हे मी त्या दिवशी उभं राहून पाहिलं. वाडीतल्या एक मावशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन त्या घळीच्या कडेने उतरत होत्या. "वाट पार वाहून गेली बघा," एवढंच म्हणाल्या. आपल्याला ती रविवारची वाट, त्यांची रोजची.

म्हणून काही गोष्टींत मी अजिबात सवलत देत नाही. ओल्या मातीत सायकल नको. चाकाचा खोल ठसा उमटतोय असं दिसलं की परत फिरा, चिखलाने माखलेले फोटो मला दाखवू नका. चाक लॉक करून घसरत उतरणं हे कौशल्य नाही. जिथे घसरावंच लागतं तिथे उतरून ढकला. वाट रुंद करायला कारवी तोडू नका. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. येऊर आणि तुंगारेश्वर ही संरक्षित जंगलं आहेत, तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि कुदळ तर लावायचीच नाही. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये भाड्याच्या सायकलने कान्हेरीपर्यंत जाणं छानच आहे, घरच्या मुलांना जरूर न्या, पण तो डांबरी रस्ता आहे. त्याला ट्रेल म्हणू नका.

अनोळखी वाटेवर मी अजूनही एक गोष्ट करतो. चांगला चढ दिसला की थांबतो आणि बाटलीतलं घोटभर पाणी वाटेच्या मधोमध ओततो. ते कडेने खाली गवतात उतरलं तर पुढे जातो. वाटेनेच माझ्या चाकाकडे यायला लागलं तर सायकल झाडाला लावून बूट आवळतो आणि चालत जातो. राजमाचीला जायचं तर लोणावळ्याहून जा आणि लोणावळ्यालाच परत या. कोंदिवड्याकडून पुन्हा कधीतरी, फक्त बूट घालून.