वार लावून शिकण्यापासून मंगळवारच्या तासापर्यंत

जुन्या चरित्रांत एक वाक्य हटकून भेटतं : 'वार लावून शिकले.' शिकायला पुण्यात आलेला गरीब मुलगा जेवणासाठी आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून घ्यायचा. एखादा वार लागला नाही, तर त्या दिवशी माधुकरी मागायची, नाहीतर उपास. या सोयीवर कितीतरी माणसं शिकून मोठी झाली. पण ती सोय जातीच्या आतली होती. ब्राह्मणाच्या मुलाला वार मिळत. कुणब्याच्या मुलाला ते कोण देणार? आणि ज्याची सावलीही नको होती त्या घरातल्या मुलाचा तर विचारच नव्हता.

शाळेतल्या मुलाचं आरोग्य हा विषय आपल्याकडे असा पोटातून सुरू होतो, आणि पोटाबरोबर पंगतीचा प्रश्न येतोच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. पंगती तेव्हाही वेगळ्याच होत्या, पण निदान प्रत्येकाला एक पंगत मिळाली. ती एकत्र बसवली भाऊराव पाटलांनी. साताऱ्यात १९२४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, कामंही वाटून करायची. पोरांच्या दाण्यागोट्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट भाषणांतून इतकी ऐकवली जाते की ती हिशेबाची गोष्ट होती हे विसरायला होतं. कोठीतलं धान्य संपलं होतं आणि सरकारी अनुदानाचा पत्ता नव्हता.

पोटाच्या पलीकडच्या शरीराकडे सरकारी नजर गेली ती बडोद्यात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. देशातली ती पहिली मानली जाते. हा क्रम मला बोलका वाटतो. मुलाला सक्तीने आणून बसवायचं, तर त्याला फळ्यावरचं दिसतं का, हे बघणंही आलंच. बाकी देशात मात्र सामसूम होती. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने शालेय आरोग्य सेवा जवळपास नसल्यातच जमा असल्याचं लिहिलं, आणि १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक समिती नेमावी लागली.

समित्या चालू असताना डहाणूकडे काही वेगळंच चाललं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. मूल गुरं राखायला कुरणात जातं, तर शाळाही कुरणात. तिथे अक्षरओळख नंतर यायची. आधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, खाणं. 'आरोग्य शिक्षण' असा वेगळा तास नव्हता. दिवसच तसा असायचा.

सरकारने शाळकरी पोटाची जबाबदारी देशभर उचलली ती १५ ऑगस्ट १९९५ला, माध्यान्ह भोजनाच्या योजनेने. आधी तमिळनाडूने हे करून दाखवलं होतं. पण आपल्याकडे आला तो कोरडा तांदूळ : ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला तीन किलो. तांदूळ पोराच्या नावावर, पिशवी घेऊन आई रांगेत, आणि भात शिजणार घरादारासाठी. त्यात गैर काही नाही, पण दुपारी वर्गात बसलेलं पोर उपाशी ते उपाशीच. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला सांगितलं की शिजवलेलंच द्या : किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. मग आपल्या शाळांमागे चुली पेटल्या आणि 'खिचडी' हा शब्द शाळेला चिकटला तो कायमचा. २००४ मध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट घातली : स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. वार लावण्याच्या काळापासून अडलेला प्रश्न असा थेट चुलीपाशी आला. त्यावरून देशात ठिकठिकाणी पालकांनी डबे पाठवल्याच्या, पोरांना उठवून नेल्याच्या बातम्या आल्या, अजूनही अधूनमधून येतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत साडेदहा-अकराला गेलात तर आधी फोडणीचा वास येतो. मोठ्या पातेल्याशी बचत गटातली बाई उलथन्याने तळ खरवडत असते. केंद्राने २००९ मध्ये तिचं मानधन ठरवलं महिना हजार रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्याने नंतर त्यात भर घातली, पण नाव 'मानधन'च राहिलं. गुरुजी एक घास खातात, बोटं पुसतात आणि वहीत चव लिहितात : 'चांगली'. ती वही नुसती कागदपत्रं वाढवायला आलेली नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक गेलेलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. २०१५च्या नियमांनी तर वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेणं बंधनकारकच केलं. खिचडीपायी शिकवणं राहतं, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण त्या एका घासाबद्दल मला तक्रार करवत नाही.

त्याच २०१३च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरला, कोसबाडपासून फार लांब नाही. जन्मजात व्यंगापासून दात, डोळे, कमी ऐकू येण्यापर्यंत तीस प्रकारच्या तक्रारी शोधायला डॉक्टरांची गाडी शाळेत येऊ लागली.

मन सगळ्यांत शेवटी आलं, आणि तेही अडखळत. किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये 'लैंगिक शिक्षण नको' या ओरड्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबवला. पाळीबद्दल, वयात येण्याबद्दल शाळा गप्पच राहिली. २०२० मध्ये केंद्राच्या शालेय आरोग्याच्या नव्या कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, एक बाई आणि एक गुरुजी, 'आरोग्यदूत' करायचं ठरलं. विषय अकरा, त्यात भावना आणि मानसिक आरोग्यही. तेवढ्यात टाळेबंदी लागली, शाळा बंद, आणि पोरांच्या वाट्याला परत कोरडा तांदूळ. २०२२ मध्ये राज्याने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि चौकशी सुरू झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी त्या कागदावरही नव्हत्या.

आज शाळेच्या आठवड्याला पुन्हा वार लागलेत. सोमवारी लोहाची निळी गोळी, खिचडी खाऊन झाल्यावर, गुरुजींसमोर गिळायची. मंगळवारी आरोग्यदूतांचा तास. दोनच शिक्षकांची शाळा असेल, तर दोघेही आरोग्यदूत, आणि चवीची वहीही त्यांच्याकडेच.