काळी बाजू वर की खाली? सौर शॉवरच्या पिशवीतील अभिसरण

तंबूत मुक्काम करणाऱ्यांनी घरच्या घरी सौर शॉवर कसा बनवावा, यासंबंधीच्या बहुतेक सूचना एवढ्याच असतात की पिशवी किंवा कॅन काळा रंगवावा, त्यात पाणी भरावे आणि तो उन्हात ठेवावा. ही सूचना चुकीची नाही, पण काळा रंग नेमका कोणत्या बाजूला हवा, हा महत्त्वाचा प्रश्न तिच्यात येतच नाही. काळा पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो, म्हणून तो सूर्यासमोर असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात आडव्या ठेवायच्या पिशवीची वरची बाजू पारदर्शक आणि तळाची बाजू काळी असणे अधिक फायद्याचे ठरते, आणि त्यामागचे कारण मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आधी ऊर्जेचा हिशेब पाहू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे २० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यासाठी साधारण १,६८० किलोज्यूल हवेत. निरभ्र आकाशात, भर दुपारी, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागाला सुमारे १,००० वॅट मिळतात. ५० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ८ सेंटिमीटर जाड पिशवीत २० लिटर पाणी मावते आणि तिचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर भरते. तिच्यावर पडणाऱ्या २५० वॅटपैकी दहावा भाग परावर्तित झाला असे धरले, तर उरलेल्या २२५ वॅटमध्ये हे काम दोन तासांहून थोड्या अधिक वेळात होईल, अर्थात उष्णता जराही वाया गेली नाही तर. ती वाया जातेच, म्हणून तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ धरावा.

हाच हिशेब फसव्या दाव्यांची परीक्षा घेण्यासाठीही वापरता येतो. एवढेच पाणी अर्ध्या तासात उकळते असे कोणी सांगितले, तर त्याला ३,७०० वॅट लागतील, म्हणजे एकही ज्यूल न गमावणारे जवळजवळ चार चौरस मीटरचे शोषक हवे. पाठीवरच्या पिशवीत मावणारे कोणतेही साधन ते करू शकत नाही. उन्हात ठेवलेल्या रंगीत बाटलीतील पाण्यात औषधी शक्ती उतरते, या समजुतीलाही येथे आधार नाही. पाणी उन्हात तापते आणि सावलीत निवते, रंगानुसार त्यात कोणताही गुण शिल्लक राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळेतील एक प्रयोग आठवावा. परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा तुकडा जाळीच्या तुकड्याने दाबून ठेवायचा, नळीत पाणी भरायचे आणि वरच्या टोकाला ज्योत धरायची. वरचे पाणी उकळू लागते, तरी तळाचा बर्फ बराच वेळ टिकून राहतो. पाणी तापले की प्रसरण पावते आणि त्याची घनता कमी होते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यापेक्षा ४० अंशांचे एक लिटर पाणी सुमारे ६ ग्रॅमने हलके असते. फरक किरकोळ वाटतो, परंतु गरम पाण्याला वर तरंगत ठेवण्यास तो पुरेसा असतो. वरून तापवलेल्या पाण्यात अभिसरण, म्हणजे गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे फिरणे, सुरूच होत नाही, आणि मग उष्णतेला खाली जाण्यासाठी वहनाचाच, म्हणजे स्थिर पाण्यातून एका थरातून दुसऱ्या थरात सरकण्याचाच, मार्ग उरतो.

वहनाच्या बाबतीत पाणी अगदीच दुबळे आहे. तांब्याच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता साडेसहाशे पटींहून कमी आहे. ८ सेंटिमीटर जाडीच्या स्थिर पाण्यातून चौरस मीटरमागे केवळ १०० वॅट खाली पोहोचवायचे असतील, तरी वरच्या आणि खालच्या थरांत सुमारे १३ अंशांचा फरक लागतो, आणि ऊन तर ९०० वॅट देत असते. म्हणजे काळी बाजू वर ठेवली की त्या बाजूला चिकटलेला पातळ थर झपाट्याने तापतो, तर खालचे पाणी गारच राहते.

येथे एक रास्त शंका येते. पिशवी उचलून टांगली की पाणी ढवळले जाणारच, मग थर पडले म्हणून काय बिघडले? बिघडते ते मधल्या तासांत. पिशवी जी उष्णता गमावते, तिचा मोठा भाग वरच्या पृष्ठभागावरून जातो, आणि ती किती वेगाने जाईल हे त्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून असते. वाऱ्यामुळे होणारा ऱ्हास पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाबरोबर वाढतो, तर अवरक्त प्रारणाने होणारे उत्सर्जन निरपेक्ष (केल्व्हिनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पाण्याचे सरासरी तापमान ३० अंश असताना वरचा थर ४५ अंशांवर असेल, तर पिशवी ४५ अंशांच्या वस्तूसारखी उष्णता उधळते, आणि सरासरीत मात्र त्याचा लाभ दिसत नाही.

काळी बाजू खाली घेतली की चित्र पालटते. दृश्य प्रकाश पाण्यातून फारसा अडथळा न येता तळापर्यंत जातो. सूर्याच्या ऊर्जेचा साधारण अर्धा भाग अवरक्त असतो आणि त्यातील काही भाग पाणी वाटेतच शोषून घेते, त्यामुळे तोही वाया जात नाही. उरलेला प्रकाश काळ्या तळाशी शोषला जातो, तेथील पाणी तापून वर चढते, वरचे गार पाणी त्याची जागा घेते आणि चुलीवरच्या भांड्याप्रमाणे पिशवी स्वतःलाच ढवळत राहते. वरचा पृष्ठभाग सरासरी तापमानापेक्षा फारसा वर जात नाही, म्हणून ऱ्हास कमी राहतो.

घरी हे साधायला पिण्याचे पाणी साठवण्याजोगी जाड पारदर्शक पिशवी किंवा चपटा कॅन घ्यावा आणि तो मंद काळ्या, न चकाकणाऱ्या कापडावर ठेवावा; २० किलो वजनामुळे कापड तळाशी घट्ट चिकटते. त्याखाली फोमची चटई हवी, नाहीतर थंड जमीन उष्णता ओढून घेईल. काळा अपारदर्शक कॅनच उपलब्ध असेल, तर तो अधूनमधून उलटा करावा.

यावर आणखी एक पारदर्शक आवरण, थोडी हवा मध्ये ठेवून, ताणले तर लाभ मोठा होतो. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस वैज्ञानिकाने १७६७ मध्ये काचेच्या थरांखाली ऊन साठवण्याचे प्रयोग केले, आणि १८९१ मध्ये बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनी काळ्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत बसवून सौर बंबाचे एकस्व (पेटंट) मिळवले. काच अवरक्त किरण अडवते म्हणूनच पेटी तापते, असे नेहमी सांगितले जाते. परंतु १९०९ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी एका पेटीला काचेचे आणि दुसरीला अवरक्त किरण आरपार जाऊ देणारे सैंधवाचे झाकण लावले, तेव्हा दोन्ही पेट्यांच्या तापमानांत नगण्य फरक आढळला. झाकणाचे मुख्य काम तापलेल्या हवेला उडून जाण्यापासून रोखणे हे आहे, म्हणून साधे प्लास्टिकही उपयोगी पडते.

काही खबरदाऱ्या आवश्यक आहेत. काळ्या पीव्हीसी नळात पाणी भरून पंपाने हवेचा दाब देण्याची पद्धत टाळावी, कारण तापल्यावर हे प्लास्टिक दुबळे होते आणि दाबलेल्या हवेने फुटले तर त्याचे तुकडे वेगाने उडतात. कडक कॅनला वर हवेसाठी छिद्र ठेवावे, अन्यथा पाण्याची धार अडखळते. कोमट साठ्यात लेजिओनेला हे फुफ्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढू शकतात, म्हणून पाणी त्याच दिवशी संपवावे. अंगावर घेण्यापूर्वी ते हाताने तपासावे.

पिशवी डोक्याच्या वर अर्धा मीटर टांगली की पुरेशी धार मिळते, आणि मिनिटाला दोन लिटर वापरले तर २० लिटर दहा मिनिटे पुरतात. पाण्याचे तापमान माध्यान्हीला नव्हे, तर त्यानंतर काही वेळाने, मिळणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते तेव्हा सर्वाधिक असते. त्यानंतर पिशवी उन्हातच पडून राहिली तर ती निवू लागते, म्हणून आंघोळ संध्याकाळी करायची असल्यास दुपार कलताच तिला जाड पांघरुणात गुंडाळावे.