‘साठी बुद्धी नाठी’ आणि उशिरा ओळखला गेलेला आजार

विदर्भातल्या खेड्यात सून सांगते, “मामाजी, आत्ताच तर जेवले तुम्ही,” आणि तरी मामाजी पुन्हा ताटाची वाट पाहत बसतात. तेव्हा शेजारची माणसे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवतात. या म्हणीमुळे स्मृतिभ्रंश हा आजार आहे, असे कित्येक घरांना वाटलेच नाही. मात्र दोष एकट्या खेड्याचा नाही. वैद्यकशास्त्राचीही समजूत दीर्घकाळ जवळपास अशीच होती.

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींमध्ये गुंता आणि पेशींच्या बाहेर साठलेले थर आढळले. १९१० मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी स्मृतिभ्रंशाच्या या प्रकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पण तो तुलनेने कमी वयातला, विरळा आजार मानला गेल्याने सत्तरीतल्या माणसाचे विसरणे ‘म्हातारपण’च राहिले. कमी वयातला अल्झायमर आणि म्हातारपणातला स्मृतिभ्रंश हे एकच आजार आहेत, हे अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडले, आणि त्यानंतर चित्र पालटू लागले.

भारतात अडचण निराळी होती. पाश्चात्त्य चाचण्या वाचता-लिहिता येणाऱ्यांसाठी बनवलेल्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरी त्यांत नापास होणारच. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांतील अभ्यासासाठी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या आजीला तारीख विचारण्यात तरी काय अर्थ? तिचे वर्ष अखाडी, पोळा, दिवाळी असे चालते. पोळा होऊन गेला की यायचा आहे, हे सांगताना ती अडखळू लागली, तर ती खूण तारखेपेक्षा बोलकी असते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, तरी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडा ठरणे, ही भीती गावात टिकून आहे. त्यापायी साधी तपासणीही राहून जाते, आणि हे अधिक खटकते, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसराळू होतो आणि त्यांवर उपचार आहेत. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे; चाळीस वर्षे भाकरी थापणाऱ्या बाईला पीठ भिजवल्यावर पुढे काय करायचे ते न सुचणे, किंवा कापसाच्या वेचणीचा हिशेब तोंडी करणाऱ्याला मजुरी जुळवता न येणे वेगळे. असा बदल काही महिने वाढत गेला, तर आशाताईंना सांगून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे.

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. त्यामुळे भार घरावर, बहुधा सुनेवर येतो. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, विहिरीवर झाकण असावे, पाण्याचा लोटा रोज एकाच जागी ठेवावा. कधीच वारलेल्या नवऱ्याची आजी वाट पाहत असेल, तर ‘ते गेले’ असे दररोज बजावण्याऐवजी ते कोणत्या वावरात जात, हे तिलाच विचारावे आणि सुपात थोडी तूर निवडायला द्यावी. हातांना ते काम अजून आठवत असते.