हजार डॉलरचा दंड आणि वॉशिंग्टनचे निर्वाचक

अमेरिकेतला मतदार राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे खूण करतो खरा, पण त्याचं मत जातं त्या उमेदवाराच्या पक्षाने ठरवलेल्या निर्वाचकांना, म्हणजे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींना. हे निर्वाचक कसे नेमायचे, ते राज्यघटनेने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं. साउथ कॅरोलायनात तर १८६० पर्यंत विधिमंडळच ते निवडत असे. मतदाराला विचारतो कोण? नेमणूक झाल्यावर निर्वाचकाने आपल्या पक्षाच्या उमेदवारालाच मत देण्याचा शब्द पाळलाच पाहिजे का, यावर मात्र घटनेत अक्षर नाही. घोळ तिथलाच.

घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनला अपेक्षा होती की जाणती माणसं एकत्र बसून, विचार करून अध्यक्ष निवडतील. पक्ष उभे राहिले आणि ते मागे पडलं. १७९६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा सॅम्युएल माइल्स फेडरलिस्ट पक्षाच्या यादीतून निवडून आला आणि मत देऊन बसला विरोधी पक्षाच्या जेफरसनला. त्यावर एका संतापलेल्या मतदाराने वर्तमानपत्रात लिहिलं, की आपण माइल्सला निवडलं ते काम करायला, विचार करायला नव्हे. १९५२ मध्ये अलाबामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाचकाकडून आधी शपथ घेण्याला मान्यता दिली. ती मोडली तर काय, हे तसंच राहिलं.

वॉशिंग्टन राज्याला याचा चटका १९७६ मध्ये बसला. राज्य जिंकलं फोर्ड यांनी, पण माइक पॅडन या निर्वाचकाने मत दिलं रेगन यांना. पुढच्याच वर्षी कायदा झाला: शब्द मोडला तर हजार डॉलरपर्यंत दंड. तो चाळीसेक वर्षं धूळ खात पडला. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी तिथे विजय मिळवला. बारा निर्वाचकांपैकी तिघांनी रिपब्लिकन पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना आणि एकाने फेथ स्पॉटेड ईगल या आदिवासी कार्यकर्तीला मत दिलं. पॉवेल यांचं नाव पाहून ट्रम्पविरोधी रिपब्लिकन निर्वाचकही फुटतील, ही तिघांची आशा फोल ठरली. गंमत अशी, की दंड झाला तरी ती मतं मोजली गेली. दंड भरून कोणाला हवं त्याला मत द्या, असाच त्या कायद्याचा अर्थ निघत होता.

तिघे कोर्टात गेले. ६ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी राज्याच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र एलेना केगन यांचं. राज्याला निर्वाचक नेमण्याचा अधिकार आहे, तर नेमताना अट घालण्याचाही आहे, हा त्यातला मुख्य धागा.

आपल्याकडे १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या गिरी-रेड्डी लढतीत ‘अंतरात्म्याचा आवाज’, म्हणजे पक्षाचा उमेदवार सोडून मनाला पटेल त्याला मत देणं, चालला, कारण राष्ट्रपतिपदाचं मतदान गुप्त असतं आणि तिथे पक्षाचा व्हिप लागत नाही. वॉशिंग्टनने ती वाट २०१९ मध्येच, म्हणजे निकालाच्याही आधी, बंद केली होती. आता मतपत्रिकेवर निर्वाचकाची सही आणि स्वच्छ अक्षरात नाव लागतं. शपथेविरुद्ध मत दिलं की ते बाद, त्याची जागा रिकामी आणि दुसरा निर्वाचक लगेच हजर. निकालाच्या वेळी ३२ राज्यांत शपथेचे कायदे होते, पण ती मोडल्यावर कारवाईची तरतूद फक्त १५ राज्यांत होती.