दीर्घ पल्ल्याच्या सायकल सफरीचा सराव

सायकलवर सामान लादून सलग अनेक दिवस, रोज साधारण ६० ते १२० किमी. प्रवास करता यावा म्हणून शरीराची, सायकलची आणि सवयींची केलेली पूर्वतयारी. शर्यतीत एका दिवसाच्या कामगिरीवर निकाल लागतो. सफरीत मात्र आज शंभर किलोमीटर झाल्यावर उद्या सकाळी पुन्हा सीटवर बसवते का, हा खरा प्रश्न असतो. त्यामुळे सफरीच्या सरावात वेगाला फारसे स्थान नाही.

सरावाचा मोठा भाग सावकाश चालवण्याचा असतो. चालवताना धाप न लागता पूर्ण वाक्ये बोलता आली, तर वेग योग्य आहे असे समजावे. शरीरात साठलेली साखर (ग्लायकोजेन) जोरात चालवल्यास दोन-तीन तासांत संपत येते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडेही अनेक दिवस पुरेल इतका असतो. आठवडे-महिने सावकाश आणि लांब चालवल्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळण्याची क्षमता वाढते आणि साखर चढासाठी शिल्लक राहते. नवशिके प्रत्येक राईडला स्वतःशीच शर्यत लावतात. त्यांचे पाय सतत थकलेले राहतात आणि दमसास मात्र वाढत नाही.

सहज ३०-४० किमी. चालवू शकणाऱ्याला तीन ते चार महिने पुरतात. आठवड्यातून दोन-तीन छोट्या राईड आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, ही नेहमीची घडी. लांब राईड दर आठवड्याला साधारण एक दशांशाने वाढवतात आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करतात, कारण बळ विश्रांतीत येते. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ दोन लांब राईड करणे सर्वांत महत्त्वाचे. रविवारी सकाळी जड पायांनी निघून पहिला तास कसा काढायचा, हे एकाच दिवशी दीडशे किलोमीटर मारून कळत नाही.

महाराष्ट्रात सफरींचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी असल्याने सराव पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात येतो. पावसात साखळीचे तेल धुऊन जाते, रिमवरचे ब्रेक उशिरा लागतात आणि पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत. ऑक्टोबरचे ऊन मात्र उपयोगी पडते. उष्णतेला शरीर रुळायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ते निघण्यापूर्वीच गेलेले बरे.

चढाचा सराव मार्ग पाहून ठरवावा. पुण्याचे सायकलस्वार सिंहगडाच्या घाटात सराव करतात. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाट सुमारे १२ किमी.चा, एकसारख्या चढाचा आहे. अशा घाटात एकदा लय लागली की ती टिकते. कोकणचा सागरी मार्ग याच्या अगदी उलट. मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे असा दक्षिणेकडे जाणारा रस्ता प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि लगेच सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी फेरीबोटीतून सायकल पलीकडे न्यावी लागते. बोटीत पाय थंड पडतात आणि उतरताच समोर चढ असतो. नकाशावर समुद्राकाठची सपाट वाटणारी ही वाट एखाद्या मोठ्या घाटापेक्षा जास्त दमवते. तिच्यासाठी एकच छोटा, तीव्र चढ हलक्या गिअरवर पुन्हा पुन्हा चढून उतरावा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पाण्याबरोबर मीठही लागते. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

सामानासह सराव करणे बहुतेकजण टाळतात. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो असतील आणि त्यात १५ किलोच्या पिशव्या आल्या, तर तेवढ्याच ताकदीने तासाभराचा चढ साधारण सत्तर मिनिटांचा होतो. उतारावरचा फरक अधिक गंभीर असतो : वळणावर सायकल डुलते, ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. भरलेल्या पिशव्यांनिशी निदान दोन-तीन लांब राईड झाल्याशिवाय घाट उतरायला जाऊ नये.

खाणेही सरावाचाच भाग आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे साधारण एक-दोन केळी, पोटात गेली पाहिजेत, आणि ती भूक लागण्याआधी. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मीठ घातलेले लिंबू सरबत हे सगळे रस्त्यावर मिळते आणि पचते. सरावात न खाल्लेला पदार्थ सफरीत पहिल्यांदा खाऊ नये.

सफर अर्धवट सुटते ती बहुधा पायांमुळे नव्हे, तर गुडघे, बूड, तळहात आणि मान यांमुळे. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घातली की शिवण घासून फोड येतात. हँडलवर सतत भार राहिला तर करंगळी आणि अनामिका बधिर होतात. मान उचलून धरणारे स्नायू पूर्ण निकामी होण्याला ‘शर्मरची मान’ म्हणतात. १९८३ च्या अमेरिका-पार सायकल शर्यतीत स्पर्धक मायकेल शर्मर यांना तो त्रास झाला होता. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम म्हणूनच सोडू नयेत.

सरावाची तयार शिडी हवी असेल तर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, आहेत. पॅरिसच्या १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनुसार होणाऱ्या या राईडमध्ये २०० किमी.ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तासांची मुदत असते. क्रमांक काढले जात नाहीत. पंक्चर स्वतः काढायचे, रात्री दिवे आणि परावर्तक जाकीट वापरायचे, आणि नियंत्रण-थांब्यांखेरीज (वाटेतल्या नोंदणीच्या ठरलेल्या जागा) कुठेही सोबतच्या गाडीची मदत घ्यायची नाही. सफरीला लागणारे स्वावलंबन यातून उत्तम येते. फक्त ब्रेव्हेची झोपमोड सफरीत आणू नये.

निघण्याआधीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणतात आणि सायकलला नवे काही लावत नाहीत, विशेषतः नवी सीट. पहिले दोन टप्पे छोटे आखावेत आणि साधारण सहाव्या दिवशी विश्रांती ठेवावी.