सर्व्हर यादीत दिसत नाही, म्हणजे नेमके काय बिघडले?

छपाई आणि डिझाइनच्या अनेक कार्यालयांत हिशेब विंडोजवर, पानांची मांडणी मॅकवर आणि सर्वांच्या सामाईक फाइली लिनक्स सर्व्हरवर अशी व्यवस्था असते. मग एके दिवशी विंडोजच्या संगणकावरील ‘नेटवर्क’च्या यादीतून तो सर्व्हर नाहीसा होतो, सर्व्हर बंद पडल्याची ओरड होते, राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो आणि केबल काढून पुन्हा खोचल्या जातात. शेजारच्या मॅकवर मात्र त्याच सर्व्हरवरील फाइल उघडी असते. यादीत नाव दिसणे आणि त्या संगणकापर्यंत पोहोचता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले तर अर्धी धावपळ वाचते.

फाइलींची प्रत्यक्ष देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलने, म्हणजे संगणकांच्या आपसांतील संवादाच्या ठरीव नियमांनी, होते. त्याचा जन्म 1980च्या दशकात आयबीएममध्ये झाला, मायक्रोसॉफ्टने तो वाढवला आणि 2013 साली आलेल्या मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून अ‍ॅपलनेही फाइल शेअरिंगसाठी त्यालाच पहिली पसंती दिली. लिनक्सवर हे काम सांबा ही प्रणाली करते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991-92मध्ये केबलवरून जाणाऱ्या डेटाचे निरीक्षण करून त्याचे नियम ताडले आणि त्या अभ्यासातून सांबाची सुरुवात झाली. म्हणजे तिन्ही प्रणालींना एकच भाषा येते. पण आपण नेटवर्कवर हजर आहोत, ही वर्दी प्रत्येक प्रणाली वेगळ्या रीतीने देते.

विंडोजची जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर विसंबून होती. 2017च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज 10च्या सुधारित आवृत्तीपासून ती पहिली आवृत्ती मुळातून बसवणे बंद झाले आणि यादीसाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही निराळी पद्धत उरली. सांबा त्या पद्धतीने स्वतःहून वर्दी देत नाही. त्यासाठी सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम वेगळा चालवावा लागतो. मॅक बाँजूर या वेगळ्या पद्धतीने शोध घेतो; सर्व्हर त्या पद्धतीने वर्दी देत असेल, तर मॅकला तो दिसतो आणि विंडोजला दिसत नाही. पडताळणी अगदी सोपी आहे: विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा आकडी पत्ता) थेट टाइप करावा. फोल्डर उघडले तर सर्व्हर धडधाकट आहे आणि दोष केवळ वर्दीत आहे.

त्यानेही उघडले नाही, तर एसएमबीची ये-जा ज्यातून होते ते 445 क्रमांकाचे पोर्ट (दार) फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा रोखणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमने, अडवले आहे का, ते पाहावे. फोल्डर एखाद्या विंडोज संगणकावर असेल, तर तेथे कार्यालयाचे नेटवर्क ‘पब्लिक’ (सार्वजनिक, अविश्वासू) म्हणून नोंदले गेल्यानेही हीच अडचण येते.

या टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो: एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा. तो मुळीच मानू नये. 2017च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजमधील त्याच आवृत्तीच्या हाताळणीतील दोषाचा फायदा घेऊन जगभरचे संगणक निकामी केले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत उपचार खोळंबले. यादीत एक नाव दिसावे म्हणून हे दार पुन्हा उघडणे समर्थनीय नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो ओळख पटवण्यात. विंडोजमध्ये रोज चार आकडी पिन टाकून काम सुरू करणारा माणूस मॅकवरून त्या संगणकाचे फोल्डर उघडताना तोच पिन देतो आणि नकार मिळतो. कारण पिन त्या एका यंत्रापुरता असतो आणि नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. सांबा बहुधा पासवर्डांची स्वतःची नोंद ठेवते, त्यामुळे लिनक्सवर खाते असूनही सांबात त्याचा पासवर्ड नोंदवलेला नसेल, तर प्रवेश मिळत नाही. मॅकवरील फोल्डर विंडोजवरून उघडायचे असेल, तर मॅकच्या फाइल शेअरिंगच्या पर्यायांत त्या खात्यापुढे स्वतंत्र खूण करावी लागते. शिवाय विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच युजरनेमने बोलते, म्हणून पूर्वी जतन झालेले जुने नाव विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (जतन केलेली नावे व पासवर्ड ठेवण्याच्या जागेतून) काढल्याखेरीज नवे नाव स्वीकारले जात नाही. पासवर्डाविना ‘गेस्ट’ म्हणून मिळणारा प्रवेश विंडोज 11च्या 2024मधील आवृत्तीने ‘प्रो’ प्रकारच्या विंडोजवरही बंद केला आहे, आणि ते योग्यच झाले.

फोल्डर उघडते पण फाइल जतन होत नाही, अशा वेळी परवानग्या दोन पातळ्यांवर तपासाव्यात: शेअरची (नेटवर्कवर सामाईक केलेल्या फोल्डरची) परवानगी आणि डिस्कवरील फोल्डरची परवानगी. या दोहोंपैकी जी कडक असेल, ती लागू होते.

एक अडचण मात्र खास मराठी फाइलनावांची आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो: एकच संकेत म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन संकेत म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था दुसरा प्रकार वापरत असे, तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवरील ‘ऱ’ची कळ पहिला प्रकार उमटवते. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावे असल्यामुळे, जुन्या मॅकवरील फाइली आरसिंक या नकला करणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर आणल्या असतील, तर एकाच फोल्डरमध्ये तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली राहू शकतात आणि नाव टाइप करून शोधले, तर त्यांतील एकच सापडते. लिनक्सवरील कन्व्हएमव्ही हे साधन अशी सर्व नावे एकाच प्रकारात आणते; ते आधी केवळ संभाव्य बदलांची यादी दाखवते आणि स्पष्ट आज्ञा दिल्याखेरीज एकही नाव बदलत नाही, त्यामुळे ती यादी शांतपणे वाचूनच पुढची आज्ञा द्यावी.